युनिट मोजता, मग ऊनही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छतावर सोलर पॅनेल बसवलेल्यांच्या तक्रारींचा एक ठरलेला हंगाम असतो. पावसाळ्यात आभाळ भरून आले की ‘पॅनेल बिघडले का?’ अशी विचारणा सुरू होते आणि उन्हाळ्यात मीटर पळू लागला की सगळे निश्चिंत होतात. सौर यंत्रणांची मोजणी आणि तपासणी हेच काम करणाऱ्या आम्हा काही जणांना चित्र बरेचसे उलटे दिसते. पावसाळ्यात पॅनेल बहुधा उत्तम चाललेले असते, फक्त त्याला ऊन मिळत नाही. खरी गळती भर उन्हाळ्यात होते आणि युनिटच्या मोठ्या आकड्याखाली ती झाकली जाते. पाऊस किती झाला हे न विचारता पीक जोखावे, तसे आपण ऊन किती पडले हे न मोजता पॅनेल जोखत बसतो.

घोळाची सुरुवात लेबलापासून होते. पॅनेलच्या पाठीवर जे वॉट छापलेले असतात ते प्रयोगशाळेतल्या एका क्षणाचे असतात: दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश, सेलचे (पॅनेलमधल्या वीज तयार करणाऱ्या चकतीचे) तापमान २५ अंश सेल्सिअस आणि १.५ एअर मास (वातावरणाच्या दीडपट जाडीतून आलेल्या उन्हाचा) हा ठरवून दिलेला वर्णपट. या तिन्ही गोष्टी छतावर एकत्र जवळपास कधीच येत नाहीत. १००० वॉटचे ऊन पडते तेव्हा सेल २५ अंशांवर राहत नाही आणि सेल २५ अंशांवर असते तेव्हा ऊन एवढे नसते.

सेल किती तापेल हे आधी काढता येते. डेटाशीटवर एनओसीटी नावाचा आकडा असतो, बहुतेक पॅनेलना तो ४३ ते ४७ अंशांच्या दरम्यान. हवा २० अंश, ऊन ८०० वॉट, वारा सेकंदाला १ मीटर आणि पॅनेलची पाठ मोकळी, अशा स्थितीत सेल किती तापते ते तो सांगतो. त्यातून २० वजा करा, ८०० ने भागा, त्या वेळच्या उन्हाच्या वॉटने गुणा आणि त्यात हवेचे तापमान मिळवा. एनओसीटी ४५, हवा ३८ अंश आणि ऊन १००० वॉट धरले, तर उन्हामुळे ३१ अंशांची भर पडते आणि सेल ६९ अंशांवर जाते. म्हणजे २५ पेक्षा ४४ अंश वर. अंशामागे ०.३५ टक्के घट धरली तर १५ टक्क्यांहून थोडे जास्त गेले. ५४० वॉटचे पॅनेल भर दुपारी ४५७ वॉटचे होते, तेही धूळ, वायर आणि इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसीत बदलणारे यंत्र) यांचा वाटा वजा करण्याआधी. यात बिघाड काहीच नाही. सिलिकॉन तापले की प्रवाह किंचित वाढतो, पण व्होल्टेज त्याहून बरेच जास्त पडते, एवढाच हा मामला.

म्हणून उष्ण हवेच्या भागात पॅनेल निवडताना पहिल्या पानावरच्या कार्यक्षमतेपेक्षा तापमान गुणांक, म्हणजे सेल अंशभर तापली की वीज किती टक्के घटते तो आकडा, आधी पाहावा, असे आमचे मत आहे. जुन्या पॉलिक्रिस्टलाइन पॅनेलचा तो अंशामागे उणे ०.४० टक्क्यांच्या आसपास असे. त्यानंतरच्या सेल-तंत्रांपैकी मोनो पर्क पॅनेलचा साधारण उणे ०.३५, टॉपकॉनचा उणे ०.३० च्या जवळ आणि हेटरोजंक्शनचा उणे ०.२५ च्या आसपास असतो. सेल ६५ अंशांवर असताना ०.३५ आणि ०.२५ यांत ४ टक्क्यांचा फरक पडतो. थंड, ढगाळ प्रदेशात याच फरकाला फारसा अर्थ उरत नाही. तिथे मंद प्रकाशात, दर चौरस मीटरला २०० वॉटवर पॅनेल कसे चालते हे जास्त महत्त्वाचे. एकच पॅनेल सगळीकडे ‘सर्वोत्तम’ असू शकत नाही, ते यामुळेच.

हे ओळखूनच आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेची ६१८५३ ही मानक मालिका तयार झाली. तिच्या पहिल्या भागात पॅनेल एका स्थितीऐवजी १०० ते ११०० वॉट प्रकाश आणि १५ ते ७५ अंश तापमान यांच्या २२ जोड्यांवर मोजले जाते. २०१८ साली आलेल्या चौथ्या भागात सहा संदर्भ हवामाने दिली आहेत: उष्ण दमट, उपोष्ण कोरडे, उपोष्ण सागरी, समशीतोष्ण सागरी, समशीतोष्ण खंडांतर्गत आणि उंच पठारी. दर हवामानासाठी पॅनेल वर्षभरात लेबलच्या तुलनेत प्रत्यक्ष किती देईल, याचे एक गुणोत्तर त्यातून निघते. विक्रेत्याकडे हा आकडा मागून पाहावा. तो नसेल तर निदान मंद प्रकाशाचा आलेख आणि तापमान गुणांक लेखी घ्यावा.

आता मुख्य मुद्दा, बसवलेल्या यंत्रणेचा. तिच्यासाठी जगभर वापरले जाणारे माप म्हणजे परफॉर्मन्स रेशो, बोलीत ‘पीआर’. त्याची रीत आयईसी ६१७२४ मध्ये आहे. हिशेब शाळकरी आहे. मिळालेले युनिट यंत्रणेच्या किलोवॉटने भागा. पॅनेलच्याच उतारावर दर चौरस मीटरला पडलेले ऊन किलोवॉट-तासांत घ्या. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, झाला पीआर.

समजा ५ किलोवॉटची यंत्रणा आहे. कडक उन्हाळ्याच्या एका दिवशी पॅनेलवर ६ किलोवॉट-तास ऊन पडले आणि २३.४ युनिट मिळाले. किलोवॉटमागे ४.६८, भागिले ६ म्हणजे पीआर ०.७८. पावसाळ्यातल्या एका दिवशी ऊन जेमतेम २.४ पडले आणि युनिट मिळाले १०.१. किलोवॉटमागे २.०२, भागिले २.४ म्हणजे ०.८४. युनिट निम्म्याहून कमी, तरी पॅनेलने आपल्या वाट्याच्या उन्हाचे सोने जास्त केले! कारण ते गार होते आणि पावसाने धुतलेले होते.

इथेच थांबलो तर मात्र ऋतूच्या फरकाला आपण बिघाड समजू. त्यासाठी तापमानाची दुरुस्ती करायची. दिवसभराच्या सेल-तापमानाची सरासरी उन्हाच्या प्रमाणात काढा, म्हणजे दुपारच्या तापमानाला जास्त वजन, सकाळ-संध्याकाळला कमी आणि रात्रीला शून्य. उन्हाळ्यातल्या दिवसाची ही सरासरी ५५ अंश आली असेल, तर २५ पेक्षा ३० अंश जास्त, गुणिले ०.३५ टक्के म्हणजे १०.५ टक्के तोटा रास्तच. ०.७८ ला ०.८९५ ने भागले की ०.८७ येते. पावसाळ्यातली सरासरी ३८ अंश धरली तर ०.८४ चे ०.८८ होते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. यंत्रणा ठणठणीत आहे आणि मधला एका टक्क्याचा फरक धुळीच्या खात्यावर टाकता येतो. पुढच्या उन्हाळ्यात हाच दुरुस्त आकडा ०.७९ वर आला, तर ती खरी घसरण, मग युनिट कितीही दिसोत.

ऊन मोजायचे कसे, हा प्रश्न यानंतर येतोच. मोठ्या प्रकल्पात पायरॅनोमीटर हे ऊन मोजणारे उपकरण असते. आयएसओ ९०६० नुसार त्याचे ए, बी, सी असे वर्ग आहेत. छोट्या यंत्रणेसाठी सिलिकॉनची रेफरन्स सेल (ऊन मोजण्यासाठी प्रमाणित केलेली सुटी सेल) पुरते आणि तिचा प्रतिसाद पॅनेलसारखाच असल्याने हिशेब सोपाही होतो. दोन्ही उपकरणे पॅनेलच्या कोनात, पॅनेलच्याच दिशेला बसली पाहिजेत. आडवा बसवलेला सेन्सर आणि तिरपे पॅनेल, हा आम्हाला सर्वांत जास्त वेळा दिसणारा दोष. त्याने हिवाळ्यातला पीआर फुगतो, कारण तिरप्या पॅनेलवर तेव्हा आडव्या सेन्सरपेक्षा जास्त ऊन पडते. दुसरा दोष जास्त गमतीचा. सेन्सर पुसायचा राहतो, तो पॅनेलइतकाच मळतो, आणि दोघेही सारखे आंधळे झाल्याने पीआर छान दिसत राहतो. पॅनेल धुवा अगर न धुवा, सेन्सरची काच आठवड्यातून एकदा मऊ कापडाने पुसलीच पाहिजे. मोबाइलवरचे लक्स मोजणारे अॅप या कामी अजिबात चालत नाही. लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे आणि सिलिकॉन डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही खातो.

पॅनेलच्या तापमानासाठी मधल्या पॅनेलच्या पाठीवर, एखाद्या सेलच्या मध्यभागी, पीटी १००० हा तापमानाचा सेन्सर थर्मल पेस्ट आणि चिकटपट्टीने बसवावा. कडेचे पॅनेल वाऱ्याने गार राहते, ते टाळावे. पाठीपेक्षा आतली सेल कडक उन्हात २-३ अंश जास्त तापलेली असते, तेवढे मिळवावे.

सेन्सरचा खर्च नको असेल तर उपग्रहावर आधारित आकडे मोफत मिळतात. युरोपियन कमिशनच्या संयुक्त संशोधन केंद्राचे पीव्हीजीआयएस आणि जागतिक बँकेचे ग्लोबल सोलर अॅटलस यांवरून एखाद्या जागेचे सरासरी वर्ष कळते. नासाची ‘पॉवर’ ही सेवा रोजचे आकडे देते, पण तिच्या सौर माहितीचा चौकोन सुमारे १०० किलोमीटरचा असल्याने डोंगराच्या अलीकडचे आणि पलीकडचे ढग त्यात एकत्र होतात. एका दिवसासाठी असे आकडे वापरू नयेत. महिन्याच्या बेरजेला ते बरे. सरासरी वर्षाशी तुलना करून ‘यंदा ४ टक्के कमी’ म्हणून भांडायला जाऊ नये, कारण यंदाचे ऊनच ४ टक्के कमी असू शकते.

अचूकतेबद्दलही भाबडेपणा नको. चांगल्या सेन्सरच्या रोजच्या बेरजेतही २ टक्के इकडेतिकडे असते, लेबलच्या वॉटमध्ये प्रयोगशाळेची काही टक्के अनिश्चितता असते आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावरचे युनिट प्रमाणित मीटरशी तंतोतंत जुळत नाहीत. पॅनेलची नैसर्गिक झीज वर्षाला साधारण अर्धा टक्का. दोन वर्षांच्या आकड्यांवरून ती दिसल्याचा दावा कोणी केला तर तो हसण्यावारी न्यावा. तिला चार-पाच वर्षांची सलग नोंद लागते. दुपारी एका क्षणाला इन्व्हर्टरवर दिसलेल्या कमाल किलोवॉटवरून तर काहीच ठरवू नये. विरळ ढगाच्या कडेवरून परावर्तित झालेला प्रकाश थेट उन्हात मिसळला की काही सेकंद १००० वॉटच्या वर ऊन पडते, पॅनेल तोवर सावलीने गार झालेले असते आणि आकडा लेबलच्या वर उडी मारतो. तो फोटो काढून ठेवण्यापुरता ठीक. मागूनही प्रकाश घेणाऱ्या बायफेशियल पॅनेलचा पीआर काढताना पाठीवरचा प्रकाश धरला नाही, तर उत्तर फुगून येते, हेही ध्यानात असावे.

हवामानागणिक बिघाडाची चाल बदलते. कोरड्या, धुळीच्या भागात मळच सर्वांत मोठा चोर. जोराचा पाऊस पॅनेल धुतो, पण पहाटेचे दव आणि चार शिंतोडे उलट धुळीचा चिखल करून तो काचेवर वाळवतात. पॅनेलचा उतार १० अंशांहून कमी असेल तर खालच्या फ्रेमच्या कडेला पाणी थांबते आणि तिथे बोटभर रुंदीची मातीची पट्टी तयार होते. दिसायला क्षुल्लक, पण ती कुठल्या सेलवर पडते ते पाहा. उभ्या बसवलेल्या जुन्या पद्धतीच्या ६० किंवा ७२ सेलच्या पॅनेलमध्ये तळची ओळ तिन्ही उपमालिकांमध्ये (सेलच्या तीन गटांमध्ये) सामील असते, त्यामुळे पट्टीने सगळे पॅनेल दाबले जाते. आडवे बसवले तर एकच उपमालिका अडते आणि तिचा बायपास डायोड बाकीच्यांना वाट मोकळी करून देतो. हाफ-कट (अर्ध्या कापलेल्या सेलचे) पॅनेल उभे असले तरी वरचा अर्धा भाग समांतर जोडलेला असल्याने बराचसा वाचतो. निव्वळ मांडणीच्या दिशेवर एवढे अवलंबून असते, आणि ही दिशा बहुधा स्ट्रक्चरचे लोखंड किती वाचते यावर ठरवली जाते!

मळाने नेमके किती जाते हे अंदाजाने सांगू नये. दोन सारख्या स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळा) असतील तर ते सहज मोजता येते. निरभ्र दुपारी दोन्हींचा प्रवाह एकाच वेळी डीसी क्लॅम्प मीटरने किंवा इन्व्हर्टरच्या पडद्यावर पाहा. समजा दोन्हीकडे ९.० अँपिअर. दुसऱ्या दिवशी सकाळी एकच स्ट्रिंग धुवा, वाळू द्या, आणि निरभ्र दुपारी पुन्हा दोन्हींचे आकडे घ्या. धुतलेली ९.६ आणि न धुतलेली ९.० दाखवत असेल, तर ९.० भागिले ९.६ म्हणजे ०.९४, ६ टक्के तोटा. धुणे सकाळी लवकरच करावे. ६५ अंशांच्या काचेवर गार पाणी टाकले तर ती तडकू शकते, आणि क्षारयुक्त पाणी तसेच वाळू दिले तर मळ जाऊन पांढरा थर बसतो, जो पुढच्या पावसानेही निघत नाही. पक्ष्यांची विष्ठा वेगळी, हाताने काढावी. एका सेलवरचा डागही तिला तापवून हॉटस्पॉट, म्हणजे जळका ठिपका, करतो.

दमट आणि किनारी हवेत धूळ कमी, पण ओलावा आत शिरतो. पहाटे कनेक्टरमध्ये आणि जंक्शन बॉक्समध्ये दव साचले की जमिनीशी असलेला इन्सुलेशन रोध घसरतो, इन्व्हर्टर सुरक्षेसाठी सुरूच होत नाही आणि ऊन वर आल्यावर, सगळे वाळल्यावर आपोआप चालू होतो. दुपारी तपासायला गेलेल्याला काहीच सापडत नाही. उष्णता, ओलावा आणि स्ट्रिंगचे उच्च व्होल्टेज एकत्र आले की पीआयडी नावाची घट होते. तिची सुरुवात स्ट्रिंगच्या ऋण टोकाकडच्या पॅनेलपासून होते. खाऱ्या हवेसाठी आयईसी ६१७०१ ची चाचणी झालेली पॅनेल घ्यावीत, आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर बसतात म्हणून एकमेकांत अडकवू नयेत. तिथे रोध वाढतो, प्लास्टिक वितळते आणि आगही लागते.

पॅनेल छताला चिकटवून बसवणे हा तर उष्ण प्रदेशातला अक्षम्य आळस आहे. खाली १० ते १५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवली तर मागून हवा खेळते. ती नसेल तर सेल आणखी तापते आणि वरचा एनओसीटीचा हिशेबच लागू होत नाही, कारण तो आकडा मोकळ्या पाठीचा असतो.

दुरुस्त पीआर घसरल्यावर लगेच पॅनेलला दोष देऊ नये. आधी दिवसाचा आलेख पाहावा. माथा कापल्यासारखा सपाट असेल तर इन्व्हर्टर पॅनेलपेक्षा लहान आहे. भर दुपारी करवतीसारखे दात दिसत असतील तर ग्रिडचा व्होल्टेज मर्यादेबाहेर जाऊन इन्व्हर्टर वारंवार बंद पडतो आहे. रोज त्याच वेळी खड्डा पडत असेल तर सावली. सकाळ चांगली आणि दुपारी हळूहळू उतार असेल तर इन्व्हर्टर स्वतः तापून क्षमता कमी करतो आहे. त्याचे पंखे आणि जाळ्या पाहा. सगळाच आलेख प्रमाणात खाली असेल तर मळ किंवा एखादी स्ट्रिंग गेलेली. वीज नसलेले तास या हिशेबातून वगळून वेगळे लिहावेत.

एवढ्यावर भागले नाही तर व्होल्टेज. ४९.५ व्होल्टच्या १० पॅनेलच्या स्ट्रिंगचे उघडे (भार जोडलेला नसतानाचे) व्होल्टेज लेबलनुसार ४९५. सेल ६० अंशांवर असेल आणि गुणांक अंशामागे उणे ०.२७ टक्के असेल तर अपेक्षा ४४८ ची. मीटरवर ४३३ आले तर १५ व्होल्ट कुठे गेले? एका पॅनेलचा तिसरा हिस्सा, म्हणजे बहुधा एक बायपास डायोड शॉर्ट झालेला. तापमानाची दुरुस्ती न करणाऱ्याला मात्र ६२ व्होल्ट कमी दिसतील आणि तो चांगले पॅनेल बदलायला काढेल. हे मोजमाप प्रशिक्षित माणसानेच, डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच) बंद करून करावे. चालू भारावर कनेक्टर ओढला तर डीसीची ठिणगी विझत नाही. आय-व्ही ट्रेसर (प्रवाह आणि व्होल्टेजचा आलेख काढणारे उपकरण) वापरायचा तर ऊन ७०० वॉटच्या वर हवे, थर्मल कॅमेऱ्याला निदान ६०० वॉट.

नवीन यंत्रणा घेणाऱ्यांनी करारात ‘वर्षाला इतके युनिट’ एवढेच लिहून घेऊ नये. उन्हाचे वर्ष चांगले गेले की त्यात विक्रेता वाचतो, वाईट गेले की ग्राहक उगाच भांडतो. त्याऐवजी तापमान-दुरुस्त पीआर किती, तो कोणत्या सेन्सरवर आणि कोणत्या उताराने मोजायचा, सेन्सर कोण पुसणार आणि त्याचे कॅलिब्रेशन किती वर्षांनी होणार, वीज नसलेले तास कसे वगळायचे आणि मोजणीतली किती टक्के चूक दोघांना मान्य, हे लिहून घ्यावे. पहिल्या स्वच्छ, निरभ्र आठवड्यातले आकडे, प्रत्येक स्ट्रिंगचे व्होल्टेज, प्रवाह आणि त्या वेळचे पॅनेलचे तापमान यांच्यासह, एका कागदावर दोघांच्या सहीने ठेवावेत. पाच वर्षांनी वाद झाला तर तपासणाऱ्याला पहिला तोच कागद लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच नसतो.

आपले,
सौर यंत्रणा तपासणीच्या कामातील काही अभियंते